नाव उतरवणे: चौथी खेप

बारा फुटी फायबरची नाव, वेल्डरकडून करून घेतलेला ट्रेलर, जुनी बोलेरो. जागा तीच, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचा मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी, बाहेरचे लोक हमखास विचारतात). उतार म्हणजे गणपती विसर्जनासाठी ओतलेलं काँक्रीट.

रिव्हर्स आता जमतोय. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं बूडही डावीकडे. माझा ट्रेलर आखूड, त्यामुळे जरा चुकलं की लगेच आडवा होतो. मग सावरत बसण्यापेक्षा पुढे घेऊन सरळ करणं बरं. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला होता, काल दहा मिनिटं.

पण काल घोळ वेगळाच झाला. धानाला पाणी सोडल्यामुळे तलाव फूटभर उतरलाय. नाव तरंगायला ट्रेलर नेहमीपेक्षा मागे न्यावा लागणार, आणि काँक्रीट कुठे संपतं ते गढूळ पाण्यात दिसत नाही. पुढे गाळ आहे. चाक तिथे पडलं तर ट्रॅक्टरच बोलवा. काठावर जाळं विणत बसलेले ढिवर काका म्हणाले, "थांबा न जी, पाहू द्या मले." धोतर खोचून बांबूने चाचपत गेले आणि काँक्रीटच्या शेवटी बांबू रोवला. त्याच्या हातभर अलीकडे थांबलो.

पोचल्यावर वीस मिनिटं थांबतो, ते चहासाठी नाही. चाकाचा तापलेला हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, बेअरिंग पाणी ओढून घेतं आणि ग्रीसची वाट लागते. त्याच वेळेत नावेच्या बुडातल्या भोकाचं बूच बसवायचं असतं. काल ते खिशात राहिलं! घोट्यापर्यंत पाणी आल्यावर आठवलं.

चढवताना माझी खोड म्हणजे ट्रेलर फार खोल नेणे. नाव तरंगत राहते, वाऱ्याने तिरपी होते आणि बाहेर काढताना फळीवर वाकडी बसते. काल मागचा रोलर जेमतेम बुडेल इतकंच नेलं, पुढचा दोर बायकोच्या हातात, बाकी विंचने (ट्रेलरवरचं दोर ओढायचं चक्र). पहिल्याच झटक्यात सरळ बसली. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना उभे बांबू बांधायचं डोक्यात आहे, बघू.

शेवाळावर मात्र मी दोनदा आपटलो. आणि गाडी वर घेणार तेवढ्यात म्हशी उतरल्या, अर्धा तास त्यांच्या आंघोळीत गेला.