राखणीची यंत्रे

गुहागर-दापोलीकडच्या आगरांत डोकावले, तर गडग्याच्या आत कुठेतरी एखादे विक्षिप्त यंत्र हटकून दिसते. आमच्या शेजारच्या काकांकडे सायकलच्या चाकाचा आस आहे, त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवलेली पाती आहेत आणि आसाच्या मागच्या टोकाला सुतळीने लोंबणारे दोन जाड बोल्ट आहेत. वारा सुटला की पाती गरगरतात, बोल्ट शेजारी टांगलेल्या पोचे पडलेल्या थाळीवर आपटतात आणि पोफळीच्या शेंड्यापर्यंत ठणठणाट पोचतो. असे यंत्र दुकानात मिळत नाही. प्रत्येक घराची घडण निराळी, कारण प्रत्येक घराच्या पडवीतली अडगळ निराळी. हेतू मात्र सगळीकडे वानर-माकडांना बागेबाहेर ठेवण्याचाच.

पूर्वी हे काम माणसे करीत. घरात पोरेसोरे असत, हातात गोफण किंवा बेचकी असे आणि ‘होऽऽ’ म्हणून ओरडायला घसा असे. आता ती पोरे मुंबईला नोकरीत आहेत आणि गावी उरलेल्या दोन म्हाताऱ्यांना दिवसभर कलमांखाली उभे राहणे जमणारे नाही. त्यामुळे राखणदाराची जागा यंत्राकडे आली. अडचण एवढीच की, ज्याच्यासाठी ही खटपट करायची तो गडी शिकणारा आहे. नव्या आवाजाने वानरांची टोळी पहिल्यांदा उधळते, मग लांबच्या फांदीवर बसून पाहते, आणि आवाजापाठोपाठ दगड येत नाही हे एकदा ध्यानात आले की त्याच थाळीच्या तालावर शहाळी खाली पाडते. कोकणातली ही यंत्रे खाऱ्या हवेने गंजण्याआधीच वानरांच्या हुशारीने निकामी होतात, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्या कॅसेटी उसवून त्यांची फीत बागेभोवती ताणण्याची टूम निघाली होती. ती मला मनापासून आवडली होती. फितीला मधे एक पीळ द्यायचा. मग ती उन्हात लखलखते आणि वाऱ्यावर थरथरून बारीक घूं-घूं आवाज काढते. पाखरे काही दिवस बिचकली. माकडांनी मात्र ती तोडून दातांखाली घालून पाहिली, आणि आमच्या आळीतली बरीच भावगीते अशी कामी आली.

मग आली कार्बाईडची बंदूक. प्लास्टिकच्या पाइपात कार्बाईडचा खडा टाकायचा, त्यावर थोडे पाणी सोडायचे. ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि मागे बसवलेला गॅसचा लायटर दाबला की कानठळ्या बसवणारा बार उडतो. त्या लायटरला ना बॅटरी लागते ना तार. आतली छोटी हातोडी एका स्फटिकावर आदळते आणि दाबामुळे ठिणगी पडण्याइतका विद्युतदाब निर्माण होतो. दाबाने वीज देण्याचा स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिला, आणि आपण त्याचा उपयोग चहा आणि वानर या दोन कामांसाठी करतो. ज्या कार्बाईडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तेच आंबा राखायला वापरावे, हीही एक गंमतच. तरी या बंदुकीचे कौतुक करायला माझे मन धजत नाही. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावण्याचा मोह अनावर असतो, आणि 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच खेळण्यांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यापेक्षा कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातला तो शेतकरी बरा, ज्याने 2019 मध्ये केसांच्या रंगाने आपल्या कुत्र्याच्या अंगावर वाघाचे पट्टे ओढले होते.

काकांचा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. सुट्टीत त्याने एक सेन्सर आणि कुत्र्याच्या भुंकण्याचे रेकॉर्डिंग असलेला स्पीकर आंब्याला बांधला. हा सेन्सर ऊबदार अंगाची हालचाल टिपतो. पण वैशाखात भरदुपारी हवाच अंगाइतकी तापली की त्याला वानर आणि वारा यांतला फरक कळेनासा होतो. मग त्याने टायमर लावला. दर पंधरा मिनिटांनी कुत्रा भुंकू लागला आणि टोळीने त्या भुंकण्याच्या मधल्या वेळा सोयीने वाटून घेतल्या.

काका म्हणाले, “अरे, तुझा कुत्रा घड्याळ बघून भुंकतो. माझा पंखा तरी कधी वाजेल ते मलाही माहीत नसतं.”

बोलणे बिनतोड होते. पत्र्याचा पंखा इतकी वर्षे थोडाफार तरी टिकला तो त्याच्या बेभरवशीपणामुळे, आणि पुतण्यालाही ते पटले. त्याने पंख्याच्या पात्याला एक लोहचुंबक चिकटवला, समोर चुंबकाने जुळणारा स्विच बसवला आणि स्पीकरची तार त्याला जोडली. आता वाऱ्याच्या लहरीप्रमाणे थाळीही वाजते आणि कुत्राही भुंकतो. यंत्र झकास चालते. फक्त खारा वारा सुटायला सकाळचे दहा-अकरा वाजतात आणि वानर येतात ते त्याआधी, रात्रीचा मतलई पडलेला आणि पान हलत नाही अशा वेळी. तेवढ्यापुरते काका गोफण घेऊन स्वतः बाहेर येतात, आणि पुतण्या पाती फिरवायला पंख्यालाच मोटर बसवण्याचा विचार करतो आहे.