तीन आठवडे बाण डावीकडेच

धनुष्य पसंत करणं, पैसे भरणं, पार्सल वेंगुर्ल्यात येणं, सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते पुढे. नवा कोरा लाँगबो (उंच, साधं लाकडी धाटणीचं धनुष्य), त्यावर शाईने लिहिलेलं ‘40 पौंड, 28 इंच’, म्हणजे दोरी 28 इंच ओढली की 40 पौंडांचा जोर, आणि दुकानदाराने त्याच हिशेबाने दिलेले 500 स्पाइनचे सहा कार्बन बाण. (स्पाइन म्हणजे दांडा किती लवतो त्याचा आकडा. आकडा मोठा, तितका दांडा लवचीक.)

भातकापणी झालेली, कुणगा रिकामा. 18 मीटरवर गोणपाटात जुने कपडे ठासून लक्ष्य उभं केलं. पहिला बाण वीतभर डावीकडे. दुसराही. सहाच्या सहा डावीकडे, पण एकमेकांना चिकटून! तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. हात चुकत असता तर बाण चहूकडे विखुरले असते. दुकानदाराला फोन केला. “सर, तुमचं रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, चुकतंय. सराव करा.”

केला. रोज शंभर बाण, तीन आठवडे. मग खाऱ्या वाऱ्याला दोष दिला आणि वारा पडलेला असताना, पहाटे उठून मारले. तरी डावीकडेच. एक तर मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटून उभा चिरला. (असा बाण परत लावू नका, सुटताना फुटला तर हातात घुसतो.) माझ्या मागे बांधावर बसलेले शेजारचे तात्या रोज विचारायचे, “हात सरळ हा, मगे बाण वाकडो कित्याक जाता?”

शेवटी वैतागून एका बाणाची पिसं ब्लेडने खरवडली. पिसं चूक सावरून घेतात, बोडका बाण ती उघडी पाडतो. माझा बोडका तर हातभर डावीकडे गेला. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बोडका बाण डावीकडे पडला तर दांडा ताठ, उजवीकडे पडला तर फार लवचीक. सुटताना बाण लवून धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो. ताठ दांडा लवत नाही, बाजूला फेकला जातो.

पण ताठ का? बंदरावरून सुरमई तोलायचा हुकाचा काटा मागून आणला. माझी ओढ 26 इंचांची. काटा म्हणाला 16 किलो, म्हणजे जेमतेम 35 पौंड. धनुष्यावरचा आकडा खोटा नव्हता, मी 28 पर्यंत ओढतच नव्हतो. 40 पौंडांसाठी दिलेला दांडा 35 ला लवणार कसा? आणि बाण विकताना ओढ किती, हे कुणी विचारलंच नाही!

टोक जड तर दांडा जास्त लवतो, म्हणून 100 ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाचं वजन मोजायचं माप) जागी 175 ग्रेनची टोकं लावली, तशी वीत चार बोटांवर आली. मग 700 स्पाइनचे बाण मागवले. ते मधोमध.

हे आधी सांगायला हवं होतं: नवी दोरी सुरुवातीला ताणते. मुठीवर हात टेकवून अंगठा उभा करा. दोरी त्याच्या टोकाशी रोज तिथेच यायला हवी. खाली आली तर दोरीला पीळ वाढवा, नाहीतर मनगटावर सपकारा बसतो. माझा वळ आठवडाभर होता. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, धनुष्यच मोडेल.

नव्या बाणांचा फोटो दुकानदाराला पाठवला. उत्तर आलं, “बघा सर, सरावाने जमलं ना!”