कॅलेंडरमागची नोटीस

सांगलीत गावभागातली ही खोली मला आवडली ती गारव्यामुळं. म्हणजे खोली कसली, वाड्याचा दारालगतचा सोपाच तो, पुढून फळ्या मारून बंद केलेला. मातीच्या जाड भिंती, वर कडीपाट. भाडं ४५००, डिपॉझिट २०,०००. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेल्याला एवढं पुष्कळ झालं.

तो गारवा नव्हता, ओल होती. पहिल्याच पावसात कळलं. सकाळी अंथरूण झाडलं की वाटीभर माती निघायची. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; धोक्याची पातळी ४५. त्या पाण्याची रेघ माझ्या खोलीत चुन्याखालून अजून दिसते. तुळई ज्या खांबावर आहे त्याच्या बुडात सहज पेन्सिल खुपसून बघितली. निम्मी आत गेली.

ऑगस्टचं पान उलटताना कॅलेंडरचा खिळा मातीसकट हातात आला. मागं चिकटवलेला कागद. महापालिकेची नोटीस, कलम २६४, इमारत धोकादायक, वापर बंद करा. तारीख दोन वर्षांपूर्वीची. कागद लावला तेव्हा सोपा उघडा असणार.

वर आक्का राहतात, चाळीस वर्षांच्या भाडेकरू. त्यांना विचारलं, तर त्यांच्याकडं त्याच नोटिशीची झेरॉक्स! मालक दर महिन्याला आठवण करून देतात, "आक्का, जीव म्हत्त्वाचा, खोली सोडा." त्यांचं भाडं १५० रुपये.

पेढीवर येणाऱ्या एका वकिलांना गाठलं. म्हणाले, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात सोय आहे. दुरुस्ती मालकाचं काम. तो करत नसेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. आक्कांचा हिशेब मी तिथंच केला, सवयच आहे: ४५० रुपये. एवढ्यात टेकूचं लाकूडसुद्धा येत नाही. आणि मी? माझा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे या कलमापुरता मी भाडेकरूच नाही.

मालकांना फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. "ती नोटीस वरच्यांसाठी हाय वो. तुम्ही कशाला मनावर घेताय?"

मी दसऱ्याआधी विश्रामबागेत आलो. डिपॉझिटातले ६,००० रंगाचे म्हणून कापले. (मातीला रंग!) निघताना माझं कॅलेंडर तेवढं काढून आणलं, नोटीस उघडी ठेवून.

परवा आक्का बाजारात भेटल्या. सोप्यात नवीन पोरं आलीत म्हणे, कॉलेजची. भिंतीवर आता आरसा आहे.