अलेखिन ज्यूद्वेष्टा होता का?

बुद्धिबळाचा एकेकाळचा जगज्जेता अलेखिन याच्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. “अलेखिन ज्यूद्वेष्टा होता का, हो की नाही?” असा प्रश्न नेहमी येतो, आणि वाद पेटला की लगेच कोणीतरी नंतरचा अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर याला मध्ये ओढतं. दोघांना एका तागडीत घालू नका. त्यांच्याविरुद्धचा पुरावाच वेगवेगळ्या प्रकारचा आहे.

फिशरचं सोपं आहे. १९९९ पासून तो रेडिओवर ज्यूंविरुद्ध गरळ ओकत होता, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचंही त्याने स्वागत केलं. ध्वनिमुद्रणं आहेत, आवाज त्याचाच आहे. १९६२ ची ‘हार्पर्स’ या अमेरिकन मासिकातली मुलाखत मात्र बाजूला ठेवा. ती विपर्यास करून छापली, असं त्याचं म्हणणं होतं, त्यामुळे तिला ध्वनिफितीइतकं वजन देता येत नाही.

अलेखिनचं प्रकरण किचकट. मार्च १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, ‘पारिझर त्साइटुंग’ या दैनिकात त्याच्या नावाने लेखमाला आली. आर्यांचा खेळ धाडसी, ज्यूंचा भित्रा, असा तिचा सूर. पुढे तो म्हणाला, माझा मजकूर जर्मनांनी बदलला. त्याची बाजू घेणारे लेखातली एक चूक दाखवतात. १८५१ च्या, ‘अमर डाव’ म्हणून गाजलेल्या डावात अँडरसनने दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीर देऊन ज्याच्यावर मात केली, त्या किझेरित्स्कीला तिथे पोलिश ज्यू म्हटलंय. होता तो बाल्टिक जर्मन, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या प्रदेशातला जर्मन वंशाचा. जगज्जेता इतकी ढोबळ चूक करेल का? मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. द्वेषाने लिहिणारा कोणाचं कूळ तपासत बसत नाही.

त्यापेक्षा सप्टेंबर १९४१ मधल्या माद्रिदच्या मुलाखती वाचा. स्पॅनिश वृत्तपत्रांशी बोलताना त्याने हाच सूर लावला आणि जर्मन लेखांचाही उल्लेख केला. नकार आला तो पॅरिस मुक्त झाल्यावर. त्याची पत्नी फ्रान्समध्ये अडकली होती, हे दडपण खरंच होतं. तरी माद्रिदमधल्या शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. माझं मत त्याच्या विरोधात जातं ते इथे.

कोणतंही अवतरण समोर आलं की आधी बघा: मूळ कुठे आणि कधी छापलं, कोणत्या भाषेत, आणि बोलणाऱ्याने हयातीत ते नाकारलं का, नाकारलं तर केव्हा. निम्मी भांडणं भाषांतराच्या भाषांतरावर चालतात. “त्या काळी सगळेच तसे होते” हेही तपासता येतं. १९४६ च्या लंडन स्पर्धेचं अलेखिनला दिलेलं निमंत्रण त्याच्याच काळातल्या खेळाडूंच्या विरोधामुळे मागे घेतलं गेलं.

मग त्याचे डाव शिकावेत का? जरूर शिका. बाडेन-बाडेन, १९२५, रिचर्ड रेटी या खेळाडूविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी खेळताना अलेखिनची २६ वी खेळी: हत्ती ई३ या घरात. पांढऱ्याच्या घरात घुसलेला तो हत्ती आजही थक्क करतो. रेटी ज्यू कुटुंबातला. त्याला जाऊन जवळपास बारा वर्षं झाल्यावर १९४१ च्या त्या लेखांनी त्यालाही सोडलं नाही. हा डाव शिकवताना एवढं जरूर सांगा.