मॉड्युलर सिंथचे पार्ट्स आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो

मॉड्युलर सिंथ म्हणजे वेगवेगळी मॉड्युल्स वायरने एकमेकांना जोडून आवाज काढायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, ते मी घरी बनवतोय. बरेच दिवस डोक्यात होतं की एकेक पार्ट ऑनलाइन मागवत बसण्यापेक्षा एकदा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सगळं एकदम घेऊन यावं, शेवटी मागच्या शनिवारी मुहूर्त लागला. सोबत मामा होता. त्याने नव्वदच्या दशकात टीव्ही-रेडिओ रिपेअरिंग केलंय त्यामुळे त्याला तिथली भाषा येते, मला नुसत्या डेटाशीट वाचता येतात. पुण्यात तपकीर गल्लीतही बरंच मिळतं म्हणा, पण एलएम१३७०० (सिंथमध्ये लागणारी एक आयसी) मागितला की दुकानदार आपल्यालाच विचारतो, कशात असतो हा.

डेक्कन क्वीनने दादर, तिथून चर्चगेटची स्लो पकडून ग्रँट रोड, ईस्टला बाहेर पडून थोडं चालायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, बोलताना मात्र सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो, आणि अकराच्या आत पोचून उपयोग नाही, आम्ही आधी पोचलो तर कुठे शटर अर्धं वर, कुठे उदबत्ती ओवाळणं चालू, मग दोन चहा झाले.

चहा पिताना मामा म्हणाला की हे मॉड्युलर वगैरे सगळे परदेशी चोचले. मी त्याला सांगितलं, अरे १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे डिझाइनच्या संस्थेत, मूग या अमेरिकन कंपनीचा मॉड्युलर आला होता, डेव्हिड ट्यूडर नावाच्या संगीतकाराने येऊन तो लावून दिला होता. मामाचा पहिला प्रश्न, "मग रिपेअर कोण करायचं?"

आता मुद्द्याचं. मी युरोरॅक नावाच्या मापात बनवतोय, म्हणजे पॅनल १२८.५ मिमी उंच, सप्लाय प्लस-मायनस १२ व्होल्ट, ३.५ एमएमचे मोनो जॅक आणि सुरासाठी एक सप्तक म्हणजे एक व्होल्ट. हा शेवटचा आकडा नीट लक्षात घ्या कारण सगळी खरेदी त्यावर ठरते. एका व्होल्टचे बारा भाग केले की एक स्वर साधारण ८३ मिलिव्होल्टचा होतो, म्हणजे तीन-चार मिलिव्होल्ट इकडे तिकडे झाले तरी कान असलेल्या माणसाला कळतं. म्हणून मी यादी दोन पेनांनी केली होती, सूर ज्या पार्टमधून जातो तो लाल, बाकी सगळं निळं. निळं लॅमिंग्टनवरून बिनधास्त घ्या, लाल असेल तिथे नखरे करा.

निळ्यातलं जवळजवळ सगळं पहिल्या दोन दुकानांतच झालं. रेझिस्टन्स मेटल फिल्म १ टक्कावालेच मागा, न सांगता मागितलं तर कार्बन हातात येतात, आणि शंभराच्या पट्टीने घ्या कारण १००के तर पाण्यासारखे लागतात. १०४ चे डिस्क कंडेन्सर, ४१४८ डायोड, ४०१०६ आणि ४०१७ या आयसी, आयसीचे बेस, बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), एफआरसी केबल, काही अडलं नाही. तिथे रिबन केबल म्हणालात तर चेहरा कोरा, एफआरसी म्हटलं की लगेच "कितने पिन?" सोळा पिनची घ्या, आणि घरी दाबताना लाल कडा मायनस १२ च्या बाजूला येतेय ना ते दोनदा बघा.

एक घोळ मात्र होता होता वाचला. मी २एन३९०४ ट्रान्झिस्टर मागितले, काउंटरवरच्या पोराने बीसी५४७ काढून दिले, "सेम ही है साहब." काम बऱ्याच सर्किटमध्ये खरंच सेम होतं, पण पाय उलटे असतात, सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ५४७ ला डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि ३९०४ ला एमिटर-बेस-कलेक्टर. तयार पीसीबीवर छापल्याप्रमाणे बसवला की मॉड्युल नीट चालत नाही आणि तुम्ही दोन रात्री सोल्डरिंगला शिव्या घालता. मी ५४७ च घेतले, फक्त पाकिटावर तिथेच उभ्या उभ्या "फिरवून लावणे" असं लिहिलं.

सप्लायसाठी १२-०-१२ चा एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तो हवा तितका मिळतो, आणि ७८१२ ७९१२ ची जोडी, म्हणजे प्लस आणि मायनस १२ चे रेग्युलेटर. इथे माझा जुना पराक्रम सांगतो. मागच्या वर्षी मी दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकला थेट स्क्रूने आवळले होते. ७८१२ च्या मागची पत्री ग्राउंड असते, ७९१२ ची मात्र इनपुटला, म्हणजे मायनस बाजूला जोडलेली असते, त्यामुळे चालू करताक्षणी फ्यूज उडाला, बरं झालं फ्यूज तरी लावला होता. मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश विसरू नका, आणि दोघांचे पायही वेगळ्या क्रमाने असतात, एकाचं बघून दुसरा लावायचा नाही.

टीएल०७२ या ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या) आयसीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. लागतो प्रत्येक मॉड्युलमध्ये, आणि बाजारात दुसऱ्याच आयसीवर नंबर छापून विकलेला माल असतोच. मामाची युक्ती अशी की एका दुकानातून पन्नास घेण्यापेक्षा तीन दुकानांतून पाच-पाच घ्यायचे, घरी तपासायचे, मग पुढच्या वेळी जिथला चांगला तिथून डझनभर. तपासायला ब्रेडबोर्ड आणि दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या पुरतात. १ आणि २ नंबरचा पाय जोडायचा, ३ नंबरच्या पायावरून ग्राउंडला १०४ चा मायलर कंडेन्सर, त्याला क्षणभर ५ व्होल्ट दाखवून वायर काढून घ्यायची आणि १ नंबरवर मल्टिमीटर धरून बसायचं. खरा असेल तर मिनिटभराने पण आकडा जवळपास तिथेच, कारण त्याच्या इनपुटला करंट पिकोअँपिअरमध्ये लागतो. त्याच्या नावाखाली ४५५८ हा साधा ऑपअँप असेल तर आकडा डोळ्यांदेखत सरकत जातो. आमच्या तीनपैकी एका दुकानाचे पाचही सरकले. मिक्सरमध्ये वापरीन ते, सँपल अँड होल्डला, म्हणजे व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या मॉड्युलला, अजिबात नाही.

लाल यादीतलं फारसं मिळालं नाही आणि त्याची अपेक्षाही नव्हती. व्हीसीओची, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे सूर काढणाऱ्या मॉड्युलची आयसी, लॅटव्हियातल्या अल्फा कंपनीची एएस३३४०, ती ऑनलाइनच घ्या. ती कर्टिस कंपनीच्या जुन्या सीईएम३३४० ची नक्कल आहे, जी प्रॉफेट-५ या गाजलेल्या सिंथमध्ये होती. पहिला व्हीसीओ करत असाल तर हीच घ्या, तापमानाची भरपाई आतच होते, ट्रान्झिस्टरच्या जोडीवर तापमानाप्रमाणे बदलणारा ३३०० पीपीएमचा खास रेझिस्टन्स शोधत फिरावं लागत नाही.

पण आयसी भारी घेतली म्हणून सूर टिकतो असं नाही, हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या व्हीसीओला टायमिंगचा १ नॅनोचा कंडेन्सर म्हणून घरात पडलेला १०२ चा साधा डिस्क लावला होता. तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एक लावून त्याला मिळवला, छान मिळाला, मग शेजारच्या पायाला टाका मारायला सोल्डरिंग आयर्न जवळ नेलं तर सा खाली-वर व्हायला लागला, पंख्याचा वारा बसला की परत भलतीकडे. डिस्क डीकपलिंगला (सप्लाय स्थिर ठेवायला) आणि ४०१०६ च्या एलएफओला, म्हणजे संथ लहरी काढणाऱ्या सर्किटला, उत्तम, सुराच्या जागी नाही. तिथे सीझिरोजी किंवा एनपीझिरो लिहिलेला सिरॅमिक, नाहीतर पॉलिस्टायरीन लावा. पॉलिस्टायरीन आम्हाला चौथ्या दुकानात एका जुन्या डब्यात सापडले, मालकालाच माहीत नव्हतं आहेत म्हणून. टाका पटकन मारा, उष्णतेने वितळतात. ट्यूनिंगचा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) मल्टिटर्नच, म्हणजे अनेक फेऱ्यांचाच घ्या, तो तिथे मिळतो, एका फेऱ्याच्या प्रिसेटवर सूर मिळवणं म्हणजे डोक्याला ताप.

पॉटचं, म्हणजे पॅनलवरच्या फिरवायच्या बटणांचं म्हणाल तर इलेक्ट्रिकली काहीच हरकत नाही, बी१००के मागा, बी म्हणजे लिनियर आणि ए म्हणजे लॉग, पण बाजारात सरसकट १६ एमएमवाले आहेत आणि तयार पीसीबीवर ९ एमएमचे उभे लागतात. तीच गोष्ट जॅकची. पॅनलला लावून वायरने जोडणार असाल तर तिथलेच घ्या, स्वस्तात काम होतं, स्टीरिओ सॉकेट मिळालं तरी मधला पाय मोकळा सोडला की चालतं. पीसीबी आधीच आणला असेल तर एक पॉट आणि एक जॅक खिशात नमुना म्हणून ठेवा, काउंटरवर शेजारी धरून बघा. मी फोनवर फोटो दाखवत बसलो आणि दहा जॅक चुकीचे आणले, ते आता पडून आहेत.

दोनच्या सुमाराला निघालो. ट्रान्सफॉर्मरने पिशवीचा बंद तुटायला आला होता, तरी मामाने शेवटच्या दुकानात स्वतःसाठी जुन्या रेडिओचा एक गँग कंडेन्सर घेतला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, असू दे.