फेराइट मण्यांची मेमरी: 64 बिट, तिसरी खेप

मंडळी, जाळं तिसऱ्यांदा विणलं आणि या खेपेला चाललं. तारांत ओवलेले फेराइटचे (चुंबकी सिरॅमिकचे) मणी, 8 बाय 8, म्हणजे 64. प्रत्येक मणी चुंबकत्वाच्या दिशेत एक बिट, 0 किंवा 1, लक्षात ठेवतो, म्हणून 64 बिट.

पहिली खेप फसली ती मण्यांमुळे. दुकानातले साधे फेराइटचे मणी आणले होते. प्रवाह बंद झाला की ते सगळं विसरतात. लागतो तो चौकोनी हिस्टेरिसिसचा मणी, म्हणजे प्रवाह थांबला तरी चुंबकत्वाची दिशा धरून ठेवणारा. अर्ध्या प्रवाहाला ढिम्म, पूर्ण मिळाला की एकदम पलटी. आडव्या तारेत अर्धा प्रवाह, उभ्या तारेत अर्धा, आणि दोन्ही जिथे भेटतात तेवढाच मणी पलटतो. शेवटी जुन्या सोव्हिएत यंत्रांतले मिलिमीटरभर व्यासाचे मणी मिळाले.

दुसऱ्या खेपेला सेन्सची तार, म्हणजे मणी पलटल्याचा सिग्नल टिपणारी तार, चुकली. सगळ्या मण्यांतून ती एकाच दिशेने ओवली होती. एक मणी वाचताना त्याच्या आडव्या रांगेतले 7 आणि उभ्या रांगेतले 7, असे 14 मणी अर्धवट डिवचले जातात. प्रत्येकाची कुरकुर थोडीशीच, पण बेरजेत खरा सिग्नल बुडतो. ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) नुसतं गवत! आता तार तिरपी नेली आहे, निम्म्या मण्यांतून ती उलट्या बाजूने शिरते, त्यामुळे कुरकुर आपापसांत जवळजवळ कटते. निम्मे सिग्नल मात्र उलटे येतात, म्हणून दोन्ही दिशा ओळखणारं सर्किट जोडावं लागलं.

ओवताना आईने चष्मा सरकवून विचारलं, "मंगळसूत्र गाठवतोयस की काय रे?" मग स्वतःच सुई घेतली. माझी एक रांग होईस्तोवर तिच्या दोन झाल्या.

एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात 1953 साली असेच मणी बसले. त्याआधीच्या साठवणनळ्या सारख्या दगा द्यायच्या. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला, 1960 साली रुजू झालेला टिफ्रॅक संगणकही मण्यांच्याच मेमरीवर चाले. त्याचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा बिटांचा गट, 40 बिटांचा. माझ्या जाळ्यात तसा एक शब्द बसतो, वर 24 बिट उरतात! पुढे चिपवरची मेमरी आली नि मणी गेले, पण प्रोग्रॅम कोसळला की त्याच्या मेमरीतलं सगळं फाइलमध्ये ओततात, त्याला युनिक्स प्रणालीवाले अजून 'कोअर डम्प' म्हणतात. तो 'कोअर' म्हणजे हाच मणी.

एक संध्याकाळ मात्र निव्वळ माझ्या वेंधळेपणात गेली. पहिलं वाचन बरोबर, दुसऱ्यांदा सगळी शून्यं. तारा तपासून थकलो. चूक कोडमध्ये होती. मणी वाचायचा म्हणजे त्याला शून्याकडे ढकलायचं. पलटला तर तिथे 1 होता. म्हणजे वाचलं की पुसलं, आणि तेच लगेच परत लिहायचं मी विसरलो होतो.

दुपारच्या उन्हात अर्ध्या प्रवाहालाही दोन-तीन मणी पलटू लागले. तापला की मणी हळवा होतो. प्रवाह थोडा उतरवला, थांबलं. आता तापमान बघून प्रवाह आपोआप कमी करणारा थर्मिस्टर लावतोय.

64 बिट म्हणजे 8 बाइट. 'चहा' लिहायचा बेत होता, पण अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत च, ह आणि काना मिळून 9 बाइट होतात. एका बाइटसाठी चहा हुकला. मग 'घर' लिहिलं, 6 बाइट. रात्री वीजपुरवठ्याची वायर काढून ठेवली. सकाळी जोडली, वाचलं: घर.