चाळीस पावलं

सोमवार, रात्र

आज दुपारी पावलं मोजली. जांभळा पट्टा मारलेल्या शेवटच्या ओकपासून ती हरणी पडली होती तिथपर्यंत चाळीस. ओढ्याच्या अलीकडे, हेमलॉकच्या झाडाखाली, मान वळवून निजल्यासारखी. जवळ गेले तेव्हा दिसलं की मागची बाजू उरलेलीच नाही. कोयोटी, इथले कोल्ह्यासारखे शिकारी, रात्रीच येऊन गेले होते. डोमकावळे उडाले पण लांब गेले नाहीत, वरच्या फांदीवर बसून माझ्या जाण्याची वाट बघत राहिले.

घराच्या पायरीपासून पत्रपेटीपर्यंतसुद्धा याहून जास्त पावलं होतात.

शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला. उजाडल्यापासून डोंगरात ठो, ठो. नवरा पुण्यात, तिथलं ऑपरेशन नीट झालं म्हणे. धाकटीला नारंगी जॅकेट घालूनसुद्धा अंगणात सोडलं नाही. मीही दिवसभर पडदे ओढून घरातच. हंटिंगमधली माणसं घरापासून 150 यार्डांच्या आत गोळी झाडू शकत नाहीत, पेनसिल्व्हेनियाचा कायदाच आहे. हे ठाऊक असूनही प्रत्येक आवाजाला दचकत होते. आणि साडेपाचला, पूर्ण अंधार पडल्यावर, बेल वाजली.

पलीकडचे म्हातारबाबा. नारंगी टोपी काढून हातात धरलेली. रानातून सरळ आले असते तर पाच मिनिटांचं अंतर, पण ते ट्रक घेऊन रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दाराला आले होते. म्हणाले, साडेतीनला एका मादीवर गोळी झाडली, जरा मागं लागली. तासभर थांबलो. मग रक्ताचा माग काढत तुमच्या पट्ट्यापर्यंत आलो आणि तिथून परत फिरलो. रायफल घरी ठेवून आलोय. तुमची हरकत नसेल तर टॉर्च घेऊन शोधतो.

मी म्हटलं, नाही.

त्यांनी विचारलं, मग सकाळी उजाडल्यावर आलो तर? तुम्ही सोबत या हवं तर.

मी म्हटलं, नको. सॉरी.

त्यावर ते क्षणभर थांबले, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "थँक यू, मॅम." ट्रक वळवताना दिवा खिडकीवर पडू नये म्हणून आधी मागं घेतला. दुसऱ्या दिवशी पायरीवरच्या कुंडीखाली चिठ्ठी सापडली, नुसता फोन नंबर. मी फोन केला नाही.

ते थँक यू कशाचं होतं? दोन रात्री मी हेच करतेय. त्यात राग असता तर सोपं गेलं असतं. टोमणा असता तरी चाललं असतं, टोमण्याला मी लहानपणापासून उत्तर देत आलेय. पण तो माणूस मनापासून बोलला. दार उघडलं, ऐकून घेतलं, उत्तर दिलं, एवढ्याबद्दल त्यानं माझे आभार मानले. आणि मी दार लावून दोन्ही कड्या घातल्या.

माझं चुकलं का? अंधारात अनोळखी नाही पण ओळखीचाही म्हणता येणार नाही असा पुरुष दारात, घरात मी आणि एक लहान मुलगी. कुठल्या बाईनं हो म्हटलं असतं? आणि दोन वर्षांपूर्वीचं ते. कुणीतरी आमच्या ओकला स्क्रू ठोकून मचाण बांधलं होतं, धाकटीच्या झोक्यापासून हाकेच्या अंतरावर, खाली बिअरचे डबे. त्या माणसानं कुठं बेल वाजवली होती? त्यानंतरच तर मी रंगाचा डबा आणला. जुने पट्टे फिके झाले होते. ऑक्टोबरमध्ये तीन शनिवार घालवून मी एकटीनं सगळी हद्द पुन्हा रंगवली. आठ इंच लांब, इंचभर रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, दोन पट्ट्यांमध्ये शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. 2020 पासून इथं जांभळा पट्टा म्हणजे पाटी लावल्यासारखंच आहे: परवानगीशिवाय आत यायचं नाही. मी कुणाच्या रानात गेले नाही. कुणाचं काही मागितलं नाही. या देशात हद्दीच्या आत राहूनच तर आम्ही वीस वर्षं काढली, आणि एकदा, एकदाच, हद्द माझ्या बाजूनं होती तर तीही मला सुखानं लाभू नये.

हे लिहून झाल्यावर वाचलं. खोटं काहीच नाही त्यात. तरी सकाळी काय होतं? सकाळी अंधार नव्हता.

नानांचा काल फोन आला तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. म्हणतील, अगं, दारात आलेल्या माणसाला असं परत पाठवतात का. नाना म्हणाले, "बरोबर केलंस पोरी. आपल्या रानात कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. आज हरणामागं आला, उद्या वाट पाडील." आणि त्यांच्या आवाजात जी खुशी होती ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

बांधाच्या केसची किती वर्षं झाली ते आता मोजायलाही नको वाटतं. दर पावसाळ्याआधी समोरच्यांनी नांगराची एक सरी बांधात घालायची, दर उन्हाळ्यात नानांनी मोजणीचा अर्ज करायचा, मोजणीदारानं खुणा रोवून जायचं आणि पहिल्या पावसात दगड जागा सोडून दोन हात सरकलेला असायचा. मी त्यातच वाढले. हद्द हा शब्द मी 'आई'च्या पाठोपाठ शिकले असेन.

आणि म्हणूनच ते काळवीट पुन्हा आठवलं. दहा वर्षांची असेन मी. आमच्या शेजारचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 सालचं, जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचं. हरणांना त्याची हद्द कोण सांगणार? कळपच्या कळप आमच्या हरभऱ्यात उतरायचे, कोवळी ज्वारी बुडख्यापर्यंत खायचे. कुणी हात लावत नसे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना पाठ होता. त्या दिवशी कुत्र्यांनी एक नर फाडला आणि तो नेमका बांधावर येऊन पडला. जिवंत होता. मागचे पाय ओढत होता. वनखात्याचा गार्ड सायकलवर आला तोवर उन्हं कलली होती आणि तो संपलाही होता. पंचनामा करायचा म्हणून गार्डनं विचारलं, गट नंबर कोणता? कुणाच्या रानात पडलंय?

नाना म्हणाले, आमची हद्द अलीकडं त्या बाभळीपाशी संपते, हे त्यांचं. समोरचे म्हणाले, छे, आमचा बांध पलीकडं, हे त्यांचंच.

ज्या दोन हात जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, ती त्या संध्याकाळी दोघांनाही नको होती. पंचनामा, साक्ष, तालुक्याला खेपा, कोण अडकून घेणार? मी त्या काळविटाच्या डोळ्यावर बसलेल्या माशा बघत होते आणि मला वाटत होतं की कुणीतरी आधी त्या माशा तरी हाकलाव्यात. मीही हाकलल्या नाहीत. नानांनी हात धरून ठेवला होता.

मग आज मी तिथं, हेमलॉकखाली, काय केलं? खिशात हात घालून उभी राहिले. पुरे. झोप येत नाही तरी दिवा घालवते.

गुरुवार, पहाटे

मंगळवारी रात्री इथला कायदा वाचत बसले. मी बरोबर होते हे छापील बघायला मिळावं म्हणून. मिळालंही. जखमी जनावर शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं तर मालकाच्या परवानगीशिवाय शिकाऱ्याला आत जाता येत नाही, रायफल असो वा नसो. मालक नाही म्हणाला की संपलं. पण त्याच कायद्यात असंही आहे की जखमी केलेल्या जनावराचा शोध घेण्याचा पुरेसा प्रयत्न शिकाऱ्यानं केलाच पाहिजे, ते तसंच टाकून जाणं हा गुन्हा. म्हणजे म्हातारबाबांना शोधायचं बंधन होतं आणि शिरायची बंदी होती, आणि या दोहोंच्या मध्ये एकच जागा होती. माझं दार.

धाकटीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टला मदत करताना 1776 ची पेनसिल्व्हेनियाची पहिली राज्यघटना चाळली होती. त्यात लिहिलं आहे की इथल्या रहिवाशांना स्वतःच्या आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर योग्य हंगामात शिकार करायची मोकळीक राहील. मागे सोडून आलेल्या युरोपात शिकार राजाची आणि उमरावाची, इथं कुणाचीही. त्या मोकळिकीनं शंभर-सव्वाशे वर्षांत इतकी हरणं मारली की राज्यात ती जवळजवळ उरलीच नाहीत. 1895 मध्ये शिकारीवर देखरेख ठेवणारं गेम कमिशन स्थापन करावं लागलं आणि 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. लांडगे तर त्याआधीच संपले होते, ते परत आलेच नाहीत. आज हरणं इतकी की माझी मेथी, मिरची, लेकीनं लावलेली ट्युलिप्स, काहीच टिकत नाही आणि हेमलॉकची रोपं गुडघ्याएवढी होण्याआधी खुडली जातात. मी स्वतः जूनमध्ये खिडकीतून ओरडले आहे, मरत का नाही एकदाची म्हणून. आता त्या ओरडण्याबद्दल काही लिहवत नाही.

काल गेले शेवटी. फोन न करता, रस्त्यानं वळसा घालून, पुढच्या दारानं. तेवढं तरी त्यांच्यासारखं करावं असं वाटलं. सोबत डबाबिबा काही नेला नाही. चिवडा घेऊन माफी मागायला जाणं मला जमलं नसतं.

ओसरीतच बसलो. मी सांगितलं की ती सापडली, चाळीस पावलांवर, ओढ्याच्या अलीकडे. वाटलं, ते म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं? त्यांनी विचारलं, "गोळी कुठं लागली होती, दिसलं का?"

मी म्हटलं, मागचं काही उरलं नव्हतं. फासळ्यांवर कुठे भोक नव्हतं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, ती चालायला लागली होती. मी थांबायला हवं होतं. फुप्फुसात लागली असती तर शंभर यार्डांच्या आत, माझ्याच जमिनीत पडली असती. तुमच्या दारापर्यंत यायची वेळच आली नसती. पन्नास वर्षं करतोय हे, आणि हा नेम माझा चुकला.

मी नाही म्हणाले त्याचं काय, असं मला विचारायचं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. मग म्हणाले की या सीझनमध्ये ते आता मादी मारणार नाहीत. मादीचा परवाना होता तो त्यांनी वापरला असं धरलं आहे. टॅग खिशातून काढून दाखवला. मारलेल्या हरणाच्या कानाला बांधायचा तो कागद. त्यावर शनिवारची तारीख पेननं घातलेली होती.

कायदा तसं करायला सांगत नाही. हरीण हाती लागलं नाही, मांस मिळालं नाही, टॅग कोराच राहायला हवा होता. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "मेली ती माझ्याच गोळीनं ना."

येताना रानातून आले, त्यांच्या परवानगीनं. त्यांच्या बाजूनं आमचा पट्टा पहिल्यांदाच बघितला. ऑक्टोबरमध्ये मी सगळे पट्टे आमच्या बाजूनं उभी राहून मारले होते आणि कामावर खूश होऊन घरी गेले होते. पलीकडून येणाऱ्याला तो काय दिसतो हे बघायचं सुचलंच नव्हतं. चांगला ठळक दिसतो. त्या ओकच्या मुळाशी वाळलेल्या पानांवर अजून काळपट थेंब आहेत, आणि त्याच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला, पानं चांगलीच तुडवलेली. तिथं ते उभे राहिले होते. किती वेळ, ते मी विचारलं नाही.

पट्टे राहतील. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा रंगवीन. मचाणवाला माणूस अजून आहेच कुठेतरी, त्याच्यासाठी माझं उत्तर आजही तेच. आणि शनिवारी मी नाही म्हणाले हेही राहील. मध्ये कुठेतरी मला वाटत होतं की नीट लिहून काढलं की ते पुसलं जाईल किंवा बरोबर तरी ठरेल. दोन्ही झालं नाही. काल रात्री मात्र सलग सहा तास झोपले.

उठल्यावर एका कागदावर लिहिलं: जखमी जनावर शोधण्यासाठी, बंदुकीशिवाय, कोणत्याही वेळी आमच्या जमिनीत यायला परवानगी आहे, आधी बेल वाजवावी. खाली सही, फोन नंबर. उजाडलं की त्यांच्या पत्रपेटीत टाकून येईन.

नानांना यातलं काही सांगितलेलं नाही. रविवारी फोन येईल तेव्हा बघू.

सीझन अजून नऊ दिवस आहे. आत्ताच दक्षिणेकडून एक बार ऐकू आला. धाकटी झोपेत कुशीवर वळली. मी टॉर्चचे सेल बदलून ती दाराजवळ ठेवली आहे.